सनद असून लायब्ररीत?

हा प्रश्न मला नेहमी लग्नात विचारला जातो, तोही पंगतीत, म्हणजे मधूनच उठताही येत नाही. "तू तर वकील ना गं? मग ही लायब्ररी कुठून काढलीस?" आणि उत्तराची वाट न बघता मावशी, काकू, वहिनी, जी कोण असेल ती पुढचं बोलून टाकते, "पण बरंय म्हणा. बायकांसाठी बरी नोकरी." आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. त्या पुढच्या वाक्याशी मात्र माझं पंचवीस वर्षांचं भांडण आहे.

वकिली केली मी, अडीच वर्षं. मुंबईत फोर्टात एका सिनियर वकिलांच्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑफिसात, ज्युनियर होते. दिवसभर बोर्ड, म्हणजे कोर्टातल्या त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघायचा, तारखा घ्यायच्या, फायली वाहायच्या. खरं शिक्षण संध्याकाळी. हायकोर्ट उठलं की कॉन्फरन्स सुरू होतात, सॉलिसिटर येतात, पक्षकार येतात आणि मॅटर कसं उभं करायचं ते तिथे कानावर पडतं. साडेपाच वाजले की सिनियर मायेने म्हणायचे, "निघ बेटा, डोंबिवली गाठायचीय तुला." माझ्याबरोबरचा ज्युनियर त्याहून लांब, बदलापूरला राहायचा. त्याला कधी कोणी निघ म्हणालं नाही. दोन वर्षांनी तो उलटतपासणी घेत होता आणि मी अजून तारखाच घेत होते. चेंबरमध्ये एकटी असले की येणारा पक्षकार विचारायचा, "वकीलसाहेब कधी येतील?" सिनियर माणूस म्हणून फार चांगले होते. पंचाईत तीच होती, भांडायला कोणी समोर नव्हतंच.

मग बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, केलं आणि एका लॉ फर्मच्या लायब्ररीत लागले. पगारी पूर्णवेळ नोकरी धरली की वकिली चालू ठेवता येत नाही, म्हणून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित केली. झालं पहिलं उत्तर.

लायब्ररीत बसल्यावर जे वाचत गेले त्याने डोकं जास्त फिरलं. कलकत्ता हायकोर्टाने १९१६ मध्ये रेजिना गुहा यांना वकिली नाकारली, कारण काय, तर कायद्यातल्या 'व्यक्ती' या शब्दात बाई बसत नाही. खास कायदा करून तिला त्यात बसवायला १९२३ उजाडलं. आपल्या नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती, पण बायकांना पदवी द्यायलाच ते विद्यापीठ १९२० पर्यंत तयार नव्हतं. मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या बाई मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम. त्यांना पहिली ब्रीफ, म्हणजे लढवायला पहिली केस, मिळाली ती का, तर पक्षकाराला खात्रीने जिंकणारी केस बाईकडून लढवून समोरच्याची फजिती करायची होती! आमचं हायकोर्ट १८६२ चं. तिथे पहिली महिला न्यायाधीश, सुजाता मनोहर, १९७८ मध्ये आली. वजाबाकी तुम्हीच करा.

आणि ही 'बायकांसाठी बरी' लायब्ररी? आमच्या धंद्यात बायकांना आणायचं बरंचसं श्रेय मेलविल ड्युईकडे जातं. त्याने १८८७ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियात ग्रंथपालांची शाळा काढली, पहिल्या तुकडीत वीसपैकी सतरा बायका. पण बायकांशी त्याचं वागणं असं, की अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने २०१९ मध्ये आपल्या पदकावरून त्याचं नाव काढलं. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या त्याच्या दशांश वर्गीकरणाच्या जुन्या आवृत्त्यांत 'स्त्रिया' हा विषय ३९६ वर होता. ३९५ म्हणजे शिष्टाचार, ३९८ म्हणजे लोककथा. चारचौघांत कसं वागावं आणि एक होता राजा, या दोहोंच्या मधे आम्ही. आता ३०५.४ वर, समाजशास्त्रात, आमची बदली झालीय. बी.लिब.च्या वर्गात हे कळलं तेव्हा आम्ही मुली खूप हसलो होतो. वर्गात बहुतेक मुलीच. पुढे मोठ्या जागांच्या मुलाखतींना गेले तेव्हा टेबलापलीकडे बहुतेक पुरुष बसलेले असायचे, तेव्हा हसू आलं नाही.

पण मला सांगायचंय ते ए.आय.आर. १९८७ सुप्रीम कोर्ट १२८१ बद्दल, म्हणजे निकालांच्या छापील खंडात त्या पानावर असलेल्या एका निकालाबद्दल. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा. केस मुंबईचीच. जहाजांच्या धंद्यातल्या या कंपनीत साहेबांच्या हाताखालच्या 'लेडी स्टेनोग्राफर' होत्या आणि इतर खात्यांत पुरुष स्टेनोग्राफर. बायकांचा पगार कमी. १९७६ चा समान वेतन कायदा दाखवल्यावर कंपनी म्हणाली, त्यांचं काम वेगळं आहे, त्या जागांवर पुरुष नाहीतच, मग तुलना कोणाशी? शिवाय आमची परिस्थिती बेताची. कोर्टाने दोन्ही उडवून लावलं. त्या जागांवर फक्त बायका आहेत त्या व्यवस्थापनाला तिथे बायका हव्यात म्हणून, असं न्यायमूर्तींनी स्वच्छ लिहिलं. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून पाणी पिऊन आले. आधी जागा बायकांसाठी 'बरी' ठरवायची, मग बायका भरायच्या, मग म्हणायचं की इथे बायकाच असतात म्हणून पगार हा असा.

हे जजमेंट मी शोधलं कशासाठी ते ऐका. आमची फर्म मालकाच्या बाजूने उभी होती. फर्ममधल्या एका असोसिएट वकिलाने फोन केला, "मॅडम, हे आपल्याविरुद्ध वापरतील, यातून वाट कशी काढायची ते बघा ना." बघितलं. चोख टिपण करून दिलं, पगार त्याचाच घेते. त्याच वर्षी फर्मने एका मुलाला घेतलं होतं. माझंच काम, तेच डेटाबेस, तेच रात्री अकराचे "मॅडम, उद्या बोर्डवर सात नंबर आहे" वाले मेसेज. त्याचं पद 'नॉलेज मॅनेजर', माझं 'लायब्ररियन'. त्याचा पगार माझ्या जवळजवळ दुप्पट, हे त्याने स्वतःच चहा पिताना निष्पापपणे सांगितलं. मी त्याच टिपणाची एक प्रत मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली, वर एका ओळीचं पत्र. तीन आठवडे काही नाही. मग माझंही पद बदललं आणि पगारातला निम्मा फरक भरून निघाला. निम्माच. तेवढ्यावर मी गप्प बसले, घराचे हप्ते चालू होते. ते भांडण अर्धं सोडल्याची बोच अजून आहे.

लायब्ररी मला आवडते, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तिथे खितपत पडलेय. कोर्टात कोणीतरी उठून "माय लॉर्ड" म्हणत जे वाचतो, ते पान आदल्या रात्री मला सापडलेलं असतं. निकालाच्या वर वकिलांची नावं छापतात. आमचं तिथे कुठे येणार, पण मला ते पान पाठ असतं.

गेल्या आठवड्यात सीएसएमटीहून रात्री नऊची फास्ट पकडली. लेडीज डब्यात शेजारच्या ताईंशी गप्पा निघाल्या. त्यांची मुलगी लॉच्या तिसऱ्या वर्षाला. "तिला तुमचा तो लायब्ररीचा कोर्सच करायला सांगू का? वेळेवर घरी तरी येईल."

मी त्यांना मोबाइलवरचं घड्याळ दाखवलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "मग बायकांसाठी बरी कशी म्हणायची?"

ठाणं आलं, त्या उतरल्या. नंबर घ्यायचा राहिला. त्यांच्या मुलीशी मला बोलायचं होतं.