बेलफास्टची भित्तिचित्रं: दोन्ही रस्ते पायी करा

उत्तर आयर्लंडच्या राजधानीला, बेलफास्टला जाणार असाल तर तिथली भित्तिचित्रं पाहायला फॉल्स रोड आणि शँकिल रोड एकाच दिवशी, पायी करा. फॉल्स कॅथलिक आणि आयरिश राष्ट्रवाद्यांचा, शँकिल प्रोटेस्टंट आणि ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्यांचा. दोन्ही रस्ते जवळच आहेत. मधे १९६९च्या दंगलींनंतर उभी राहिलेली, दोन्ही वस्त्या अलग ठेवणारी 'पीस वॉल'.

मी फॉल्सपासून सुरुवात केली. शहराच्या मध्यातून जी१ ग्लायडर बस थेट तिथे जाते. डिव्हिस स्ट्रीटवरच्या लांबलचक भिंतीवर पॅलेस्टाइनसारखे जगभरचे लढे रंगवलेले असतात. चित्रं बदलत राहतात. पुढे सेव्हॅस्टोपोल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बॉबी सँड्सचा हसरा चेहरा. तो आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेचा. १९८१ साली तुरुंगात ६६ दिवस उपोषण करून तो गेला, वय २७. उपोषण चालू असतानाच तो ब्रिटिश संसदेवर निवडून आला होता.

तिथून क्लोनार्ड वस्तीकडे वळा. ऑगस्ट १९६९ मध्ये जाळली गेलेली बॉम्बे स्ट्रीट पुन्हा बांधली आहे, पण घरं पीस वॉलला इतकी खेटून की पलीकडून येणाऱ्या दगडांपासून बचावासाठी परसांवर लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत. ही जागा चुकवू नका. भिंतीच्या दुसऱ्या अंगाला, क्यूपर वेवर, पर्यटक मार्करने शांततेचे संदेश लिहितात. त्या जाळ्या पाहून आल्यावर मला तिथे काही लिहावंसं वाटलं नाही.

शँकिलवर रंग पालटतात: युनियन जॅक, प्रोटेस्टंटांचा नायक राजा विल्यम, पहिल्या महायुद्धातले सैनिक. पण मला थांबवलं ते स्मृतिफलकांनी. २३ ऑक्टोबर १९९३ला इथल्या मासळीच्या दुकानात आयआरएचा बॉम्ब वेळेआधीच फुटला. नऊ सामान्य माणसं गेली, त्यांत दोन लहान मुली. बॉम्ब ठेवायला आलेल्या दोघांपैकी एक जणही त्यातच मेला. त्याच्याही नावाची पाटी आहे, उत्तर बेलफास्टमधल्या आर्डॉइन वस्तीत, २०१३ साली लावलेली. एकच स्फोट, आणि दोन वस्त्यांत दोन स्मारकं. म्हणून सांगते, एकच बाजू पाहून परतू नका. चित्रं काही वर्षांनी पुसून नवी काढतात, पाट्या मात्र राहतात. त्यांवरची नावं आणि वयं सावकाश वाचा.

ब्लॅक टॅक्सीची, म्हणजे काळ्या टॅक्सीतून चित्रं दाखवणारी फेरीही जरूर घ्या. अनेक चालक याच वस्त्यांत वाढलेत आणि स्वतः पाहिलेलं सांगतात. मात्र टॅक्सी मोठ्या चित्रांपाशी थांबते, गल्लीतल्या पाट्यांसाठी पायच हवेत.

पीस वॉलमधली लॅनार्क वे आणि नॉर्थम्बरलंड स्ट्रीटची फाटकं रात्री बंद होतात, तेव्हा पलीकडे जायचं ते दिवसाउजेडी. सेल्टिक किंवा रेंजर्स या ग्लासगोच्या फुटबॉल क्लबांची जर्सी घालू नका, इथे तिच्यावरून माणसाची बाजू ठरते. कुणाला धर्म विचारू नका. चित्रांचे फोटो खुशाल काढा, पण दारात बसलेल्यांचे, खेळणाऱ्या मुलांचे विचारल्याशिवाय नकोत. लोक स्वतःहून बोलतात, तेव्हा फक्त ऐका. १२ जुलैच्या आसपास प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज मिरवणुका आणि आदल्या रात्रीच्या होळ्या असतात. रस्ते बंद होतात, वातावरणही तापतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तो आठवडा टाळावा. आणि इथल्या बँकांनी छापलेल्या पौंडाच्या नोटा इथेच खर्चून टाका, इंग्लंडमधले दुकानदार त्या घेताना कुरकुरतात.