कपाट रडायलंय बगा

ऐन मे महिन्यात सुभेदार साहेबांचा फोन आला, "मिस्तरी, कपाट रडायलंय बगा. येऊन जा."

परभणीत त्या आठवड्यात पारा 43 वर होता. जाऊन पाहिलं, तर पांढऱ्या ऑइलपेंटवर जिथं जिथं लाकडाची गाठ, तिथं तिथं पिवळा डाग. एका गाठीतून तर मधासारखा थेंब फुगून आलेला. बोट लावलं, साबणानं धुतलं तरी चिकटपणा जाईना.

कपाट माझ्याच हातचं. साहेब फौजेतून रिटायर होऊन उत्तराखंडातल्या पिथौरागडहून आले तेव्हा ज्या खोक्यांतून सामान आलं, त्याच फळ्यांचं. आपल्याकडं असल्या फळीला सरसकट 'देवदारी' म्हणतात. मीही तसंच धरून चाललो. रंधा मारला, प्रायमर लावला, रंगाचे दोन हात दिले. सागवानाच्या हिशोबानं काम केलं, तिथंच चुकलो.

"देवदार कुठला? चीड आहे हा," साहेब म्हणाले. हिमालयाच्या खालच्या डोंगरांत याची जंगलंच्या जंगलं. सुया वीतभर लांब, एका जुडग्यात तीन. खोडाला खाच पाडून खाली वाटी बांधतात, तिच्यात चीक उतरतो. तिकडं त्याला लिसा म्हणतात. तो तापवला की वाफेतून टर्पेंटाइन निघतं आणि मागं राहतो बिरोजा, डाख देताना वापरतात तो. वीस वर्षं माझ्या तोंडात टर्पेंटाइन हा शब्द आहे, पण ते मूळचं झाडाच्या चिकातलं, हे त्या दिवशी कळलं.

मग वाट दिसली. रंग खरवडला. हीटगननं एकेक गाठ तापवली; चीक बुडबुडे काढत वर आला, तसा पटाशीनं निपटला, टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसला. साऱ्या ओसरीत वास सुटला. साहेब डोळे मिटून बसून राहिले. वाळल्यावर गाठींवर चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन हात दिले. चपडा स्पिरिटात विरघळतो, टर्पेंटाइनात नाही. म्हणून चीक त्याला भेदून सहसा वर येत नाही. माझे वडील गाठाळ लाकडाला आधी चपडाच मारायचे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

निघताना साहेबांनी गाठीचा एक ढलपा उचलला, काडी लावली. काळा धूर सोडत तो मशालीसारखा भडकला.

"पोस्टावर आमची चूल यानंच पेटायची," ते म्हणाले, आणि विझेपर्यंत हातात धरून राहिले.