काळी पाच आणि चार तारा

आषाढ. गुरुवार, रात्र. पावसाची रिपरिप.

दुपारी शेजारच्या काकू डोकावल्या. मांडीवरचं वाद्य बघून म्हणाल्या, "लहान पोरांचं गिटार घेऊन काय करूलीस गं?" याला युकुलेले म्हणतात, हे सांगून झालं. मग केवढ्याला पडलं ते. खरा आकडा सांगितला असता तर तो संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत फिरला असता, म्हणून "गोव्यात मुद्दाम करून घेतलंय" एवढ्यावर भागवलं. तर म्हणतात, "अजून शिकतीयास की! मग एवढं भारी कशाला?"

काकूंना चहा दिला, उत्तर दिलं नाही. इथे लिहिते.

शिकणाऱ्यालाच चांगलं वाद्य लागतं, असं माझं ठाम मत झालंय. मुरलेला वाजवणारा वाईट वाद्यावरही वेळ मारून नेतो, त्याला कुठे काय सांभाळायचं ते ठाऊक असतं. आमच्यासारख्यांचं काय? एका अंगाला मिरज, दुसऱ्या अंगाला धारवाड. बेळगावात राहून गाणं शिकलं नाही तरी कान आपोआप तयार होतो. बाबांचा तंबोरा जवारीला, म्हणजे घोडी घासून सूर खुलवून घ्यायला, मिरजेला जायचा आणि परत आला की बाबा आठवडाभर नुसता छेडत बसायचे. त्यामुळे माझा कान जुना आहे, हात मात्र कोरा.

पहिलं युकुलेले ऑनलाइन मागवलेलं, प्लायवुडचं. मोकळ्या तारा सुरात लागायच्या, पण पहिल्या पडद्यावर बोट दाबलं की स्वर वर सरकायचा. खुंट्यांजवळ तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात त्या खाचा पुरेशा खोल नसल्या की तार उंच राहते. दाबताना ती जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. नवशिक्याला वाटतं, आपलंच बोट चुकतंय. किती जणांनी याच पायी वाद्य माळ्यावर टाकलं असेल!

चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या त्या कारागिराकडे गेले तेव्हा त्याने लाकडाचं नावच काढलं नाही. आधी म्हणाला, गाऊन दाखवा. मग डावा हात मागितला आणि बोटांच्या पेरांवर मोजपट्टी धरली. माझी करंगळी आखूड आहे, ते त्याला आधी दिसलं. म्हणून दांडी थोडी अरुंद आणि माप कॉन्सर्ट, म्हणजे घोडीपासून पट्टीपर्यंत तारेची लांबी साधारण ३८ सेंटीमीटर. तारेच्या बरोबर मध्यावर बारावा पडदा. तिथे बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर आणि दाबून काढलेला स्वर एकच यायला हवा. घरी आल्यावर मी पहिल्यांदा हेच तपासलं. आला!

लाकडावरून मात्र घरात हसू झालं. हवाईत ही वाद्यं कोआ नावाच्या झाडाची करतात आणि कोआ हा बाभळीच्या कुळातला, अकेशिया. मी म्हटलं, मग आपल्या खानापूरकडे वनखात्याने लावलेला अकेशिया का नको? आई म्हणाली, "सरपणाचं लाकूड गं ते!" कारागिराने पाठ आणि बगला त्याच्याच केल्या. तबली, म्हणजे पुढची फळी, मात्र तुणीची. मिरजेच्या तंतुवाद्यांत वापरतात तेच हे लाकूड, आणि तूण हा महोगनीचा भाऊबंद. तबलीची जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. पाठीला कान लावला की गुणगुणणं ऐकू येतं.

कारागीर काम करता करता बोलत होता. १८७९ साली रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून मदेरा बेटावरचे पोर्तुगीज लोक उसाच्या मळ्यांवर कामाला हवाईतल्या होनोलुलूला गेले. त्यांत तीन सुतार होते: नूनेस, दियास आणि एस्पिरितो सांतो. त्यांच्या गावाकडच्या मशेत या छोट्या वाद्यावरून पुढे युकुलेले घडलं. नूनेस आणि दियास तर मडगावात कुठल्याही दाराच्या पाटीवर सापडतील. सुतारांनीच केलं म्हटल्यावर मला ते वाद्य एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

बाबांना ते ओळखीचं वाटायला दुसरंच कारण. पांढरी एक, म्हणजे पेटीवरचा सी, हा षड्ज धरला तर मोकळ्या तारा प, सा, ग, ध. "अरे, पहिली पंचमाची, दुसरी षड्जाची, तंबोऱ्यासारखंच की," म्हणाले. फरक इतकाच की तंबोऱ्यात पंचम षड्जाच्या खाली असतो, इथे वर चढून बसलाय. कॉर्ड मात्र त्यांना पटत नाहीत. अभंगाखाली तीन-चार स्वर एकदम वाजले की गाणाऱ्याचा स्वर झाकला जातो, असं त्यांचं म्हणणं. खोटं नाही ते. म्हणून भजनात मी सगळ्या तारा खाजवत नाही, दोनच छेडते.

सध्या खरी काळजी हवेची. अख्ख्या लाकडाचं वाद्य ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत सुखात असतं, आणि आपल्याकडे आषाढात भिंतींनाही घाम फुटतो. लाकूड पाणी पितं, तबली पोटाशी फुगते, तारा पडद्यांपासून वर उठतात. उन्हाळ्यात उलटं, दांडी आकसते आणि पडद्यांची टोकं बोटाला टोचतात. म्हणून केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक. आई म्हणते, लोणच्याच्या बरणीलासुद्धा एवढं जपलं नाही कधी. जपणार! फॅक्टरीतलं बिघडलं तर दुसरं येतं. हे दुसरं कुठून आणू?

आता एकादशीचा प्रश्न. भजनी मंडळाने बोलावलंय, "तुझं ते पण आण" म्हणून. पेटीवाल्या काकू काळी पाच, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सूर, सोडायच्या नाहीत, आणि युकुलेलेवर काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. बोट आडवं टाकून धरायची पकड, माझी बोटं तिथे रडतात. संध्याकाळभर त्यावर खटपट केली. पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की षड्जाला ए, मध्यमाला डी आणि पंचमाला ई सेव्हन, या ओळखीच्या पकडींत सगळं बसतं. लयीत बदलायला डी जरा अडते, बाकी निघतंय. उद्या बँकेतून येताना पेटीवाल्या काकूंना सांगून येते, काळी पाच बदलायची गरज नाही म्हणून.