माचिसचा डबा

संक्रांतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सकाळी सात वाजता मी गेटवर पोचलो, तर सगळे हमाल खांद्यावरचे शेले जमिनीवर टाकून भिंतीला टेकून बसलेले. कोणी बोलेना. बाहेर रस्त्यावर कापसाच्या ट्रॅक्टरांची आणि बंड्यांची रांग पार पुलापर्यंत गेली होती. त्या वर्षी आमच्या जिनिंगवर सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदीही चालू होती, त्यामुळे शेतकरी रात्रीपासूनच येऊन मुक्कामाला थांबलेले.

मुकादमाला विचारलं, काय झालं? तो एवढंच म्हणाला, "कालचं तुमाले माहीत हाये साहेब."

माहीत होतंच. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. आठवडाभरापूर्वी कापसाच्या मोठ्या गंजीला लागून पडलेल्या ताडपत्रीखाली मला बिडीचं थोटूक सापडलं होतं. विझलेलं होतं, पण होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, आत बिडी सापडली तर ५०० रुपये दंड. आणि चौकीदाराला सांगितलं, आत येणाऱ्या प्रत्येक हमालाचा खिसा तपासायचा. काल त्याने सगळ्यात म्हाताऱ्या हमालाच्या बंडीच्या खिशात हात घातला, बिडीचा कट्टा काढला आणि सगळ्यांसमोर मोडून नालीत टाकला. हजेरीच्या वहीत त्या म्हाताऱ्याच्या नावापुढे ५०० वजा मीच लिहिले. त्याला सगळे मामा म्हणतात. चंद्रपूरकडचा माणूस, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतो, हिवाळ्यात आमच्याकडे कापूस उपसतो.

मला एवढी भीती का, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी कामाला असताना कापसाची आग पाहिली आहे. लाकडाची आग पेटायला वेळ घेते. कापसाच्या गंजीवरून ज्वाळ पाखरासारखी उडत जाते. या टोकाला दिसली म्हणून ओरडावं, तोवर त्या टोकाला पोचलेली असते. मग वरचा भाग काळा पडतो, विझल्यासारखा वाटतो आणि आग आत शिरते. कच्च्या कापसाच्या धाग्यावर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो, म्हणून बादल्यांनी मारलेलं पाणी वरच्या वर ओघळून जातं. तालुक्याहून बंब येईपर्यंत आम्ही वाळू टाकत होतो. १७० किलोची बांधलेली गठाण, म्हणजे रुईची गाठ, तर आतल्या आत धुमसत राहते. तिसऱ्या दिवशी ट्रकमध्ये भरताना एका गठाणीतून धूर निघाला, तेव्हा आमच्यातल्या दोघांनी काम सोडलं. ती आग बिडीने लागली नव्हती. कापसात आलेला गोटा जिनमध्ये लोखंडावर घासला आणि ठिणगी पडली. मुकादमाला हे ठाऊक होतं, कारण तोही तेव्हा तिथेच होता.

म्हणून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आग काय बिडीनंच लागते? गोटा ठिणगी पाडते, बेअरिंग तापते, तिले कोन दंड मारते? बिडी आमची, छाती आमची, पैसा आमचा. आमच्या खिशात हात घालाचा हक्क तुमाले कोनं देल्ला?"

ठिणगीचं उत्तर माझ्याकडे होतं: फीडरवर चुंबक आहे, गोटे वेचायला दोन बाया बसवल्या आहेत, बेअरिंगला रोज ग्रीस आहे. एवढं करूनही धोका उरतो, म्हणून त्यात आणखी एक धोका मुद्दाम आणू नये. खिशाचं उत्तर मात्र नव्हतं.

तेवढ्यात शेठ आले. गाडीतून उतरतानाच त्यांच्या बोटांत सिगारेट होती. मुकादम माझ्याकडे पाहून थांबला. मग शेठना म्हणाला, "हे बरं हाये शेठ." शेठना राग आला. जागा त्यांच्या वडिलांनी घेतलेली, केबिन त्यांची, दरवाजा बंद करून ते काय करतात ते विचारणारे हे कोण? त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हेच पुन्हा सांगितलं. फॅक्टरी सरकारी नाही, खासगी आहे.

खासगी जागेत ही बंदी चालते का, हा प्रश्न मी बऱ्याच दिवसांपासून मनात घोळवत होतो, कारण गेटवरच्या पाटीवर माझं नाव आहे. साठ बाय तीस सेंटिमीटरची ती पाटी, 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र – येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे' आणि खाली तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव. ती लावायची वेळ आली तेव्हा मी नियम मागवून वाचले होते. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घातली, २००३ मध्ये संसदेने कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांत कामाची जागाही आली. तिथे मालकी कोणाची, हे विचारलेलं नाही. तिथे माणसं कामाला येतात का, एवढंच पाहिलं आहे. दंड २०० रुपयांपर्यंत, तोही सरकारजमा. म्हणजे मी वहीत लिहिलेले ५०० त्या कायद्यात बसत नव्हते. मजुरीतून कापायच्या दंडाला तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्यानेही मर्यादा घातली होती. शेठना मी हे सगळं सांगितलं, अगदी माझी चूक धरून. मोकळं अंगण कायद्यात बसतं की नाही, यावर त्यांनी वकिली केली. मी म्हटलं, केबिनची खिडकी गंजीकडे उघडते शेठ, तुमची राख कुठे पडते ते मी रोज पाहतो.

इतका वेळ बाया लांब, वजनकाट्याजवळ बसून होत्या. गंजीवर चढून कापूस खाली ओढायचं काम त्यांचं. त्यांतली एक, आमच्याच गावची, मी तिला काकू म्हणतो, उठून मुकादमासमोर येऊन उभी राहिली. तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"तुमी खाली रायता भाऊ. आग लागली त धावत गेटाबाहेर जासान. आमी वर रायतो. लुगडं नेसून, मांडीपर्यंत कापसात पाय रुतलेले. आमी कुठून उतराव? तुमाले ओढाची हौस हाये, ओढा. पन माह्या पायाखाली नोका पेटवू." मग ती शेठकडे वळली नाही, माझ्याकडे वळली. "अन् शेठलेबी सांगा. त्याची काडी काय थंडी जळते?"

मुकादमाने मान खाली घातली. छाती आमची म्हणणाऱ्याला कायद्याचं कलम दाखवून मी काहीच पटवू शकलो नसतो. त्याच्या छातीबद्दल तर कोणी बोलतच नव्हतं.

पुढचा तास बोलणीत गेला. ठरलं ते असं. खिसा कोणाचाही तपासायचा नाही. गेटवर पत्र्याचा डबा ठेवायचा, त्यात प्रत्येकाने आपली माचिस आपल्या हाताने टाकायची, आणि प्रत्येकाने म्हणजे शेठ, दिवाणजी, ग्रेडर, ट्रक ड्रायव्हर, मी. कंपाउंडच्या बाहेर, विहिरीपलीकडच्या कडुनिंबाखाली टिनाचं छप्पर टाकायचं, वाळूची बादली ठेवायची. सकाळी दहाला आणि दुपारी चारला दहा-दहा मिनिटांची सुट्टी, मजुरी न कापता. मामाचे ५०० परत. शेठ बराच वेळ रस्त्याकडे पाहत उभे होते. रांग आता पुलापलीकडे गेली होती आणि शेतकऱ्यांची ओरड सुरू झाली होती. त्यांनी लायटर डब्यात टाकला. पटलं म्हणून टाकला असं मी म्हणणार नाही, पण टाकला.

अकराच्या सुमाराला जिन सुरू झालं.

डबा त्या सीझनभर राहिला, अजूनही आहे. पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. बिडी कमी झाली तसा खर्रा वाढला. आमच्याकडे खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. त्याला ना काडी लागते, ना सुट्टी. पहिल्यांदा मला वाटलं, चला, गंजी तरी वाचली. मग रुईत पन्नीचे तुकडे निघू लागले. सूतगिरणी असा माल परत पाठवते, म्हणून पन्नी आत आणायला मी मनाई केली, आणि ते बरोबरच होतं, कारण तो सगळ्यांचा माल. पण तोंडातला खर्रा? तो ज्याचा त्याचा आहे, त्याने काकूचे पाय भाजत नाहीत. तिथे मी फळ्यावर काही लिहिलं नाही. तोंड उघडेनासं झालेली पोरं मी पाहिली आहेत, चमचाही जात नाही आत. म्हणून १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा फुकटचा नंबर मोठ्या अक्षरात डब्याच्या वर चिकटवला आणि एकेकाला बाजूला घेऊन बोलतो. दोघांनी सोडला. बाकीचे ऐकतात आणि पुन्हा घोटतात. त्यांना दंडाने सरळ करावं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण झोप त्याच्यानेही जाते.

डबा ठेवला त्या दिवशी संध्याकाळी मी टपरीवरून बिडीचा एक कट्टा विकत घेतला आणि मामाच्या हातात द्यायला गेलो. देणं बरं वाटत नव्हतं आणि न देणंही बरं वाटत नव्हतं. तो शेला झटकत होता. कट्ट्याकडे पाहिलं, घेतला नाही.

"बिडीचं काही नाही साहेब," तो म्हणाला. "तेवढी पोरं पाहत होती."

त्याचा नातूही हमालीला होता, सतरा-अठराचा, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा रोज डब्यात माचिस टाकायचा, दहाला आणि चारला घेऊन कडुनिंबाखाली जायचा, परत आणून टाकायचा. होळीला हिशोब झाला. वहीतले ५०० मी लाल शाईने खोडले होते, ते त्याला दाखवले. त्याने अंगठा लावला, पैसे मोजून शेल्याच्या गाठीत बांधले आणि नातवाला घेऊन गाडीकडे गेला. माझ्याशी तो सीझनभर बोलला नव्हता, त्या दिवशीही बोलला नाही.