साडेपाच तासांचा फरक

श्रावणातली दुपार, बाहेर भुरभुर, बेळगावातल्या खडेबाजाराजवळचं एखादं डीटीपीचं दुकान. मंडळाच्या पावतीपुस्तकाचं प्रूफ बघायला गिऱ्हाईक आलेलं, आणि पडद्यावर विंडोज अपडेटची टिंबं गोल फिरताहेत. खाली ३५ टक्के. ‘बसा की, होतंय की,’ म्हणून चहा सांगितला जातो. तेवढ्यात वीज जाते. यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली, तो नुसता टूं टूं करतो. वीज आली की मशीन कळवतं: केलेले बदल मागे घेत आहोत. म्हणजे तीच टिंबं पुन्हा पहिल्यापासून.

मग कुणीतरी म्हणतंच, विंडोजच्या जागी लिनक्स टाका.

टाकायला फार लागत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलच्या प्रोसेसरची निदान आठवी पिढी लागते, आणि गल्लीतली मशीनं चौथ्या-सहाव्या पिढीत सुखी आहेत. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, त्यावर रुफस नावाच्या प्रोग्रामने लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, सुरू करताना एफ१२ किंवा एफ९, जी कंपनी तशी कळ. रॅम ४ जीबी असेल तर मिंटचं हलकं रूप एक्सएफसीई, ८ असेल तर जरा जड सिनॅमन. लगेच इन्स्टॉल दाबू नये. पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर बघावा. जुने लेझर प्रिंटर इथेच रुसतात. (खरं तर निम्म्या मशीनांचं दुखणं विंडोज नसून जुनी हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपची डिस्क, बसवली तर तेच मशीन पळायला लागतं. पण हे सांगितलं तर लिनक्स टाकायची मजा जाते.)

धीर नसलेले विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवतात, आणि तिथून गंमत सुरू होते. लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही लिहू देत नाही. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप: बंद केलं तरी ते पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन तो टिकमार्क काढायचा, आणि मोठ्या अपडेटनंतर परत आलाय का ते बघायचं.

दुसरी गंमत घड्याळाची. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज आपली भारतीय वेळ लिहून ठेवतं. लिनक्स तीच ग्रीनिचची समजून तिच्यात साडेपाच तास मिळवतं. दुपारी तीनला पडद्यावर रात्रीचे साडेआठ. नेट लागलं की लिनक्स चूक सुधारतं, बोर्डवर ग्रीनिचची वेळ लिहितं, आणि पुढच्या खेपेला विंडोज सकाळचे साडेनऊ दाखवतं. दोघंही आपापल्या हिशेबाने बरोबर. लिनक्समधल्या टाइमडेटसीटीएलची एक आज्ञा देऊन लिनक्सला स्थानिक वेळ मानायला लावलं की भांडण मिटतं.

पण आपल्याकडे अडतं ते टायपिंगवर. पावतीपुस्तकावर वर कन्नड, खाली मराठी. कन्नड जुन्या नुडी फाँटात, मराठी श्रीलिपी फाँटात, आणि दहा वर्षांच्या फायली त्यातच. फाँट नसला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. त्या फायली आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनांना कळणाऱ्या अक्षरांत, फिरवून घ्याव्यात, आणि एकेक जोडाक्षर, एकेक रफार, एकेक वेलांटी डोळ्यांनी तपासावी. चुकतात ती हीच.

पुढचं मात्र सोपं. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या सरकारी कळपाटात उजव्या हाताखाली प र क त च ट, आणि कन्नड निवडलं तरी त्याच कळांवर तीच अक्षरं, फक्त लिपी वळणदार. डी दाबलं की इकडे हलंत, तिकडेही हलंत. शिफ्ट आणि एन दाबलं की ‘ळ’, दोन्हीकडे. टायपिंग क्लासात मराठीला एक मशीन, कन्नडला वेगळं, बोटं वेगळी, परीक्षाही वेगळी असायची. इथे एकदा बसलेला हात दोन्हीकडे चालतो.

ज्यांना ‘के’ला क, ‘जी’ला ग असं उच्चाराप्रमाणे हवं, त्यांनी मिंटच्या कीबोर्ड लेआउटच्या यादीत मराठी शोधावं. तिथे ‘मराठी (कगप)’ असं नाव दिसतं. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, नुडी काढणारी संस्थाच. त्यांच्या कन्नड कळपाटाची मांडणी मराठीला लावलेली, नावासकट.

याच्याविरुद्ध अजून कुणी निवेदन दिल्याचं ऐकिवात नाही. यादीत इतकं खाली कोण जातंय म्हणा. चहा येईपर्यंत ३६ टक्के झालेले असतात.