उलटी बाजू

भरतकामाचा बिल्ला हाती आला की मी तो आधी उलटा करते. सुलट्या बाजूला काय असणार ते बहुतेक ठाऊक असतं: दीपस्तंभ, नांगर, उसळलेली लाट, तिच्यावर चढणारी नौका आणि कडेने स्टेशनचं नाव. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या किनाऱ्यावरच्या बचाव स्टेशनांचे जुने पॅच मी जमवते. दिमाख सगळा पुढे, पुरावा मागे.

मागे गाठी दिसतात, एका अक्षरावरून दुसऱ्यावर गेलेले दोरे दिसतात, कधी जाळीदार अस्तर दिसतं. प्लॅस्टिकचा चकचकीत थर असला, की ‘फार जुना आहे’ हे विकणाऱ्याचं म्हणणं मी नुसतं ऐकून घेते. मग कड बघायची. जुन्या बिल्ल्यांची कड बहुधा नुसती कापलेली असते. मेरो या कड शिवण्याच्या यंत्राची जाड, गोलसर शिवण पुढे सर्रास झाली. अतिनील दिव्याखाली बरेच नवे पॉलिएस्टर दोरे झळकतात, जुना सुती दोरा सहसा मंद राहतो. पण हल्लीच्या कपडे धुण्याच्या पावडरीत उजळपणा आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे कुणी हौसेने धुतलेला अस्सल बिल्लाही या परीक्षेत नापास होतो!

बाजारात मान कोऱ्या बिल्ल्याला. मला मात्र जॅकेटवरून उसवलेला, कडेला सुईची भोकं राहिलेला आवडतो. केप डिसअपॉइंटमेंट स्टेशनचंच बघा. तिथे कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते. नदीचा लोंढा आणि समुद्राच्या लाटा वाळूच्या दांड्यावर समोरासमोर भिडतात. त्या परिसरात शेकडो जहाजं बुडाली आहेत. खवळलेल्या समुद्रात बचावनौका चालवायला शिकवणारी कोस्ट गार्डची शाळाही तिथेच आहे. नौका ४७ फुटी. लाटेने पालथी केली तर काही सेकंदांत आपली आपण सुलटी होते, आणि तेवढा वेळ खलाशी पट्ट्यांनी नौकेला जखडलेले असतात. हे तळहाताएवढ्या कापडावर कसं उतरणार? तिथे लाट म्हणजे निळ्याच्या दोन छटा आणि वर पांढरी किनार. कोऱ्या बिल्ल्यावर तेवढंच असतं. वापरलेल्यावर निदान कुणाच्या तरी बाहीचा घाम असतो.

माझ्याकडच्या एकावर ग्रीसचा डाग आहे. विकणाऱ्याने त्यापायी किंमत उतरवली होती. मला ते मुळीच पटलं नाही. पैसे मात्र मी कमीच दिले.