सोमवारचं धुणं आणि मेटॅगचं चौकोनी मशीन
अमेरिकेतल्या ओहायो राज्यात वेन आणि होम्स या दोन काउंट्या, म्हणजे जिल्हे, एकमेकींना लागून आहेत आणि इथे आमिश लोकांची, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, मोठी वस्ती आहे. सोमवार हा त्यांचा धुण्याचा वार. सकाळी नऊच्या सुमाराला रस्त्याने निघालं की घराघरातून कप्पीवरची लांब दोरी थेट कोठाराच्या शेंड्यापर्यंत चढलेली दिसते आणि तिच्यावर निळे, जांभळे, काळे कपडे मापाने लावल्यासारखे वाळत असतात. बहुतेक आमिश घरं बाहेरच्या तारेवरची वीज घेत नाहीत. तरी एवढं धुणं दुपारच्या आत उरकतं ते रोलरच्या जुन्या मशीनमुळे, आणि तसलंच एक मशीन आता आमच्या तळघरात आहे.

हे मशीन म्हणजे चार पायांवर उभा असलेला टब. आत मधोमध एक फिरकी असते. ती गोल फिरत नाही, ताक घुसळणाऱ्या रवीसारखी अर्धवट इकडे, अर्धवट तिकडे हलते. टबाच्या काठावर एका दांड्यावर दोन रबरी रोलर बसवलेले असतात. धुतलेला कपडा त्यांच्यात सरकवला की पिळून पलीकडच्या बादलीत पडतो. आपल्याकडच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये जे काम शेजारचा स्पिनर करतो, ते इथे हे रोलर करतात.

आमचं मशीन मेटॅग कंपनीचं आहे, चौकोनी ॲल्युमिनियमच्या टबाचं. आयोवा राज्यातल्या न्यूटन गावी ही कंपनी आधी शेतीची अवजारं बनवायची. 1907 पासून ती धुण्याच्या यंत्रांत उतरली. 1922 मध्ये त्यांनी फिरकी टबाच्या झाकणातून काढून तळाशी बसवली आणि धुण्याची सगळी तऱ्हाच बदलली. कपडा पाण्यातून ओढला जाण्याऐवजी पाणीच कपड्यातून जोराने जाऊ लागलं. त्या काळी खेड्यांत वीज कुठली! 1935 च्या आसपास अमेरिकेतल्या शंभर शेतघरांपैकी जेमतेम दहा-अकरा घरांत दिवे होते. म्हणून मेटॅगने मशीनखाली छोटं पेट्रोल इंजिन दिलं. पायाने किक मारून ते चालू करायचं आणि धूर लवचीक नळीने दाराबाहेर सोडायचा. आमिश घरांत आजही इंजिनावर किंवा दाबाच्या हवेवर ही मशीनं चालतात. ऑटोमॅटिक मशीन 1937 मध्येच बाजारात आलं होतं, तरी मेटॅगने रोलरचं मशीन 1983 पर्यंत बनवलं. लोक मागत होते म्हणूनच ना!

मला या मशीनचं सगळ्यात आवडतं ते हे की ते पूर्ण उघडतं. एकही भाग चिकटवून बंद केलेला नाही. पाना आणि स्क्रूड्रायव्हर हाताशी असला की मोटर, गिअरबॉक्स, रोलरचं डोकं, सगळं सुटं होतं आणि पुन्हा बसतं. आजच्या मशीनमध्ये एक सर्किट बोर्ड गेला की मेकॅनिक सांगतो, नवीनच घ्या. मला हे फार लागतं.

आमच्यासारख्या विजेवरच्या मशीनच्या दुरुस्तीला हात घालायचा तो वायरपासून. जुन्या वायरचं रबर वाळून खडूसारखं तुटतं आणि मूळ प्लगला अर्थिंग नसतं. ओल्या फरशीवर उभं राहून वापरायच्या वस्तूला हे चालणारच नाही. तिथे तीन तारांची नवी वायर हवी, आणि प्लग पॉइंट विजेची गळती होताच ती तोडणारा हवा. मग फिरकी. वर्षानुवर्षं न काढल्याने ती दांड्यावर घट्ट बसते. लोक हातोडी मारतात आणि तिचे कान तुटतात. टबात कढत पाणी भरून थोडा वेळ थांबायचं. धातू फुगतो आणि दोन्ही हातांनी सरळ वर ओढली की फिरकी सुटते. माझ्या हातात ती अशी सुटून आली तेव्हा खाली साबणाचा पिवळट थर दगडासारखा बसला होता. तो लाकडी पट्टीने खरवडून काढला. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा किंवा ओव्हन साफ करायचं तीव्र रसायन लावू नये, टब काळा पडतो आणि खाल्ला जातो.

रोलरवरच्या सुरक्षेच्या दांडीबद्दल मात्र जरा थांबून सांगते. ती दाबली की वरचा रोलर ताडकन सुटून वर उचलला जातो. मशीन दिसायला कितीही देखणं असो, ही दांडी चालत नसेल तर त्यात कपडा घालू नये. एके काळी या रोलरमध्ये मुलांचे हात कोपरापर्यंत ओढले जायचे. इतके की डॉक्टरांच्या पुस्तकांत या जखमेला स्वतंत्र नाव पडलं. धुताना मी केस बांधते, बांगड्या काढून ठेवते, ओढणी घेत नाही आणि लेकीला तळघराच्या पायरीवरूनच बघू देते.

धुण्याची पद्धत मला शेजारच्या आमिश आजींनी शिकवली. टबात एकदाच गरम पाणी आणि साबण. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग शेतातल्या विजारी, सगळे त्याच पाण्यात. शेजारी गार पाण्याचे दोन हौद खळबळायला. आजी म्हणाल्या, “बटणं आतल्या बाजूला घडी घालून सोड, म्हणजे तुटणार नाहीत.” शेवटच्या हौदात त्यांनी निळीचे थेंब टाकले आणि मला एकदम आईची रॉबिन निळीची पुडी आठवली. इथली निळीची बाटली मिनियापोलिसची, 1883 पासून चालत आलेली.

टँकरची वाट बघितलेल्या माणसाला एकाच पाण्यात तीन घाणे निघताना बघून किती बरं वाटतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वेळेचं म्हणाल तर मी पूर्ण वेळ जवळ उभी असते, दुसरं काम होत नाही. पण चादर किती मळली आहे हे डोळ्यांना दिसतं आणि ती निघाली की लगेच काढता येते. जाड सुती कपडे, चादरी, टॉवेल यात सुरेख निघतात. रेशीम आणि जरीची साडी मी यात कधीच घालणार नाही, जरीचे धागे चिरडतात.

कोणाला असं मशीन घ्यायचं झालं तर रोलरचं रबर नखाने दाबून बघा. नख उमटून पुन्हा भरलं तर रबर जिवंत आहे. आणि धुणं संपलं की रोलरचा दाब सोडून ठेवा, नाहीतर आठवडाभरात दाबाखालचं रबर चपटं पडतं आणि पुढच्या सोमवारी कपडे अर्धे ओलेच बाहेर येतात.